तंबूतला सिनेमा आणि बहिणीची म्हैस

मोडलेल्या संसाराचा एक सिनेमा मी अर्धाच पाहिला आणि पुरा पाहिला असं समजून, रुसून माहेरी आलेल्या धाकट्या बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला दाखवायला नेला.

दिवस निजामाच्या राज्यातले. मी आदिलाबादच्या तहसील कचेरीत कारकून. दिवसभर उर्दूत मिसली, म्हणजे कचेरीचे कागद, लिहायचे, म्हणून उर्दू बोलणारा सिनेमा या मुलखात माझ्याइतका कुणाला कळत नाही, अशी माझी समजूत. कचेरीच्या कामानं निर्मलला गेलो तेव्हा तिथल्या तंबूत तो लागला होता. माझ्या आयुष्यातला पहिलाच. सासू कान भरते, बायको घर सोडते, नवरा दाढी वाढवतो, मग तो तिला शोधून आणतो आणि सासूसुद्धा डोळे पुसते. इतक्यात तंबूत बत्ती लागली. मीही डोळे पुसले आणि बाहेर पडलो. बाकीची मंडळी हलली नाहीत तेव्हा मला त्यांची कीवच आली. बिचारे दुसरा खेळ फुकटात पाहायला दडून बसलेत! मध्यंतर नावाची चीज असते, हे ज्ञान मला पुढं झालं, तेही चारचौघांत.

बहीण पैनगंगेकाठच्या गावी दिलेली. जावई कापूस-ज्वारीवाले, स्वभावानं गरीब, तोंडानं त्याहून गरीब. ऐन वेचणीत ती आमच्याकडे निघून आली. विचारलं तर म्हणाली, "दादा, माही आंदनातली म्हैस त्यायनं मले न विचारता नंदेच्या घरी नेऊन बांधली. तू त्यायले एवढंच..."

"समजलं, समजलं," म्हणत मी टोपी घातली आणि कचेरी गाठली. म्हैस हे वरवरचं कारण. खरा बिघाड दोन हृदयांत, हे मला, सिनेमा पाहिलेल्या माणसाला, कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढं तोच तंबू तोच सिनेमा घेऊन आमच्या गावाबाहेर, मावल्याच्या मैदानात उतरला. मी जावयांना बोलावणं धाडलं. ते छकडा जुंपून आले.

आमच्याकडच्या तंबूत पडदा मधोमध टांगलेला असे; पुढं पुरुष, मागं बायका. चित्र दोन्हीकडून दिसे, बायकांना तेवढं उलटं. म्हणजे नवरा अलीकडे, बायको पलीकडे आणि मधल्या कापडावर मोडका संसार. वा! बहिणीला उर्दू येईना, म्हणून मी अलीकडून ओरडून तिला अर्थ सांगत होतो. शेजारी वैतागले होते, पण पुण्यकार्यात असं चालायचंच.

नवरा-बायकोची भेट झाली, बत्ती लागली. मी उभा राहिलो.

"संपलं! पाह्यलं का कसं गोड झालं? उठा जावईबापू, छकडा बायकांच्या दाराशी लावा!"

जावई बिचारे उठलेही. मागून कुणीतरी खेकसलं, "ओ बाबूसायब, बसा खाली! अजून अर्धा खेळ बाकी हाये!"

त्या उरलेल्या अर्ध्यात घरी परतलेल्या बाईला सासूनं दुपटीनं छळलं, नवऱ्यानं दुसरी आणली, पोर तापानं गेलं, बाई झिजून मेली आणि नवऱ्यानं तिच्या चितेपाशी एक गाणं म्हटलं, एकही कडवं न गाळता. पडद्यामागं हुंदक्यांचा नुसता पूर. मी केव्हाच मुका झालो होतो. पलीकडून बहिणीचा आवाज आला, "दादा, आता काय म्हनून राह्यला तो? सांग नं!"

"काई नाई," मी म्हणालो, "पिकापान्याचं बोलून राह्यला."

बाहेर आलो तर जावयांचे डोळे लाल. "भाऊसायब, मी असा हावो का? हे दाखवाले बोलावलं मले?"

"त्यायचं जाऊ दे," बहीण म्हणाली. "परत गेल्यावर बाईचं काय होते, ते दाखोलं यानं मले."

झालं. मी तिचा संसार जोडायला निघालो होतो. आता ती कायमची माहेरी राहिली तर श्रेय माझंच. छकडा आमच्या घराकडे निघाला. जावई बैलांकडे पाहतच म्हणाले, "पोर गेलं तवा लय वाईट वाटलं."

बहिणीनं पदरानं नाक पुसलं. "माही म्हैस कशी हाये?"

"आटली. बहीन म्हने, कोनाले जवळ येऊ देत नाई."

"कशी देईन? माह्याच हातावर पान्हा सोडते ते. मले पुसलं काऊन नाई?"

"चुकलं. आनू का परत?"

"आना. मी येते."

जावयांनी कासरा ओढून छकडाच थांबवला. "एवढंच होतं? मले वाटलं, तुले माह्या मायचा राग हाये."

"मी तं पहिल्याच दिवशी दादाले निरोप सांगाले बसली होती."

दोघंही मागं वळून माझ्याकडे पाहू लागली. मी घसा खाकरून म्हणालो, "पन सिनेमानं मन मोकळं झालं का नाई?"

"सिनेमाचं ठेव बाजूले, दादा," बहीण म्हणाली. "माहं रडनं आयकतानाबी तू असाच मधातून उठून गेला होता."