नवमीला झाकलेला पियानो

आश्विन शुद्ध नवमी, कुंभकोणम्. हजर: मी, माझी तेरा वर्षांची मुलगी मुक्ता आणि आमच्या यजमानीणबाई राधा अक्का. गैरहजर: आम्हाला अकराची वेळ देणारे स्पर्धेचे चिटणीस.

पुण्याहून दोन गाड्या करून सकाळी उतरलो होतो. शेवटच्या टप्प्यात भातशेतं आणि कावेरीचे फाटे. मुक्ताने बाहेर पाहिलंच नाही. ती मांडीवर बोटं चालवत होती. एका जर्मन संगीतकाराच्या स्मरणार्थ विजयादशमीला इथे मुलांची पियानो स्पर्धा होती. मुक्ताकडे घरी हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. खऱ्या पियानोवर हलकं बोट ठेवलं तर सूरच उमटत नाही. म्हणून आदल्या दिवशी अर्धा तास सराव मिळणार, हे मी तीनदा विचारून लेखी घेतलं होतं.

अक्कांचं घराणं तंजावरच्या दरबारातलं, मराठी जुन्या वळणाचं. त्यांनी डबऱ्यातून (पसरट पितळी वाटी) कॉफी दिली, सुंडल (खोबरं घातलेले उकडलेले हरभरे) दिलं आणि स्पर्धेच्या सभागृहात आमच्याबरोबर आल्या. तिथली फुलं-रांगोळी त्यांच्याकडेच असते.

पियानोवर रेशमी साडी, वर झेंडूचा हार, कुंकू. चिटणीस पाऊण तास उशिरा आले. सरस्वतीपूजेला वाद्यं पूजेत ठेवतात, दशमीपर्यंत कोणी हात लावत नाही, असं त्यांनी मलाच समजावलं. पूजेशी माझं भांडण नव्हतं. मग आजची वेळ दिलीत कशाला, एवढंच विचारलं. तिथी पाहायची राहिली म्हणे! गावातली मुलं मात्र आठवडाभर याच पियानोवर बसली होती. "नाळैक्कु (उद्या)," म्हणून ते जेवायला गेले.

अक्कांनी दार लोटलं आणि साडीचा काठ वर केला.

"तो जेवून निजतो. दोन घटका आहेत. वाजवूं द्या लेकरास."

"आणि पूजा?"

"सूर ऐकून कोपेल तर ती कसली सरस्वती, बाई?"

मुक्ता बसलीसुद्धा. मी तिचं मनगट धरून उठवलं. तक्रार करायची तर आपली बाजू स्वच्छ हवी, असं मी तिला सुनावलं. अक्कांनी साडी सारखी केली.

दशमीला सकाळी पूजा उतरली. गावातली मुलं घरच्यासारखी वाजवून गेली. मुक्ताने निवडलेली रचना मधे अगदी हळुवार आहे. तिथे तिची बोटं चालताना दिसत होती आणि निम्मे सूर येतच नव्हते. परीक्षकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

परतीच्या गाडीत मी तक्रार लिहिली. सात मुद्दे, त्यांच्या पत्राची प्रत जोडलेली. चेन्नई यायच्या आत पाठवलीसुद्धा. मुक्ताला वाचून दाखवली, तेव्हा ती खिडकीकडे बघत म्हणाली, "अक्कांनी साडी वर केली होती, आई."

आठवा मुद्दा माझ्यावरचा आहे, आणि तो चिटणीसांना लिहून भागणार नाही. सोलापूर मागे पडलं. मुक्ता समोर जागी बसली आहे. मी अजून तिच्याशी त्याबद्दल बोललेले नाही.