सवाष्णीचा हात

तेल मोजताना मावशी मापाकडे बघत नसे, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघे. धार मापातच पडायची, थेंब सांडायचा नाही, आणि तेवढ्या वेळात समोरच्याचं काय बिनसलंय ते तिला कळलेलं असायचं. "लई फिकी पडली गं. सासू जेवू घालून राह्यली का न्हाई?" हे भर दुकानात. ती सून लाजून अर्धी व्हायची, सासूच्या कानावर संध्याकाळपर्यंत जायचं, आणि मावशी तेलकट हात केसांना पुसून पुढच्या भांड्याकडे वळायची.

जुन्या जालन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचा घाणा होता. नवरा तरुणपणीच गेलेला. एक बैल, एक लेक आणि करडईच्या तेलाचा वास, एवढा तिचा संसार. लेक गया. तिला गल्लीच्याच दुसऱ्या टोकाला, एका तेल्याच्याच घरात दिली होती. "लांब दिली तर भांडायला कुठवर जाऊ," असं त्याचं कारण मावशी सांगे.

तिचं एक पालुपद होतं: "मरा, पण बराबर मरा." आडावर बायका घागरी घेऊन एकमेकींच्या अंगावर चढू लागल्या की मावशी ओट्यावरून ओरडायची, "रांगंत मरा गं, रांगंत." कोणी आडाच्या काठावर चूळ भरली तर, "थुक, थुक. उद्या तेच पी आन बराबर मर." तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. तिचा राग येतो, आणि ती चार दिवस गावाला गेली की आडाभोवती चिखल होतो.

माझ्यावर तिचे उपकार आहेत. माझे वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिला. आईनं आणलेल्या भांड्यात माप ओतून झालं की मावशी वर आणखी थोडं ओतायची. "हे पोराच्या अभ्यासाचं. त्याला सांग, नापास झाला तर हेच तेल प्यायला लावीन." मी त्या तेलावर मॅट्रिक झालो. बी.ए. झालो त्यातही तिचा वाटा आहे. म्हणून तिच्याविषयी लिहायला बसलो, पण तिच्याविषयी लिहायचं तर आमच्या गल्लीविषयी लिहावं लागतं.

मी मॅट्रिकच्या वर्गात होतो त्या हिवाळ्यात शेठच्या धान्याच्या गोदामात उंदीर मरून पडू लागले. शेठ आमच्या गल्लीचे पुढारी. पांढरा फेटा, गोड आवाज. तहसीलदाराकडे गल्लीच्या वतीनं तेच जायचे. ऐन हंगामात मोंढा बंद पडू नये म्हणून त्यांनी उंदीर गोण्यांत भरून नदीत टाकायला लावले. त्यातल्या गोण्या माझ्या वडिलांनीही वाहिल्या. कोणी विचारलं की शेठ म्हणत, "थंडीनं मेले." मावशीनं त्यांना भर बाजारात विचारलं, "शेठ, उंदरानं थंडी पैल्यांदाच पाह्यली का यंदा?" लोक हसले. शेठही हसले. मग शिंप्याच्या घरात एकाला जांघेत गाठ आली आणि हसणं थांबलं.

मुनादी, म्हणजे दवंडी, झाली: गाव खाली करा, माळावर राहा, हुकूम होईपर्यंत कोणी गावात पाऊल टाकायचं नाही. मुनादीवाला आमच्या गल्लीत पोचला तेव्हा तहसीलदारसाहेबांचे तंबू माळावर आधीच लागलेले होते, चांगल्या उंचवट्यावर, सावलीला. पुढं रोज त्यांचा चपराशी गावात जाऊन साहेबांच्या हुक्क्याचा तंबाखू घेऊन यायचा. त्याला कोणी अडवत नसे.

आम्ही नदीपलीकडे झोपड्या घातल्या. आमची गल्ली उतारावर, त्यामुळे माळावरून ती सरळ समोर दिसायची. आमच्याकडे दाराशेजारी भिंतीत एक कोनाडा असतो, दिवळी. दिवेलागणीला तिथं दिवा लागला नाही तर घर मेलं असं धरतात. संध्याकाळ झाली, समोर सगळी गल्ली काळी दिसली, आणि बाया रडायलाच लागल्या. दुसऱ्या दिवसापासून घरटी एक माणूस नदी उतरून जायचं आणि दिवा लावून यायचं. अनवाणी, मेलेल्या उंदरांवरून. गेलेलं माणूस नुसता दिवा लावून परत येत नसे. कोणी पापडाचा डबा आणी, कोणी गोधडी. गोधड्यांतून काय आलं ते तुम्ही ओळखलं असेल.

मावशीनं तेलाचे डबे माळावर आणले होते. चार जण गाठ येऊन गेल्यावर तिनं विकणं बदललं. "कुठं लावणार? हितं का तिथं?" इथं म्हणेल त्याला तेल. तिथं म्हणेल त्याला, "जा, बिलकुल मिळणार न्हाई. मरायला माझं तेल कशाला पायजे?"

लोक शेठकडे गेले. शेठनी बाभळीखाली बैठक बसवली. मावशी सगळ्यांसमोर उभी राहिली आणि तिनं तोंड सोडलं. "घराला काय कळतंय उजेड हाय का अंधार? आन एवढं असंल तर एकानं जाऊन सगळ्यांचे लावा की. घरटी एक मुडदा कशाला पाडून राह्यले?"

शेठनी मान डोलावली. "मावशी बराबर बोलली. एकच माणूस जाईल." सगळ्यांना ते पटलं. इतकं लगेच, की मावशीलाही नवल वाटलं.

कोण जाईल म्हटल्यावर मात्र जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला. शेवटी शेठच म्हणाले, "दिव्याचं काम. तेलाच्या घरानंच केलेलं बरं."

"मंग मी जाते," मावशी म्हणाली. "माझं काय राह्यलंय?"

तेव्हा गयाची सासू उठली. "रांडमुंड हातानं दिवे? आमच्या घरात लेकीसुना हायेत. लोकाच्या घरी न्हाईत का?"

बायकांत कुजबुज झाली. शेठ समजुतीच्या आवाजात म्हणाले, "मावशी, राग मानू नका. सवाष्णीचा हात लागतो. तेलाच्या घरची सवाष्ण पायजे." आणि सगळ्या माना एकदम गयाकडे वळल्या. गया मागं बसून सुपात ज्वारी निवडत होती. तिला मूलबाळ नव्हतं. हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांनी मोजलं.

"आमची गया जाईल," सासू म्हणाली, देवळाला घंटा द्यावी तशी. गयाचा नवरा खाली बघत पायातला काटा शोधत राहिला.

शेठ तहसीलदारांची परवानगी काढून आले. साहेब म्हणाले होते, "एक औरत से क्या होता है, जाने दो."

मग गया रोज जाऊ लागली. मावशी सोबतीला म्हणून नदीपर्यंत जायची. चौथ्या-पाचव्या दिवशी टोचणीवाला डॉक्टर आला. माळावरचे निम्मे लोक त्याला बघून शेजारच्या ज्वारीत लपले. मावशीनं सगळ्यांआधी बाही वर करून टोचून घेतलं आणि दुसऱ्या हातानं गयाला ओढत आणलं. सासूनं गयाचा दुसरा हात धरला. "टोचल्यावर ताप येतो, दंड सुजतो. मंग दिवे कोण लावल?" डॉक्टर घाईत होता. दोन बायकांच्या ओढाताणीत तो पुढच्या झोपडीकडे गेला.

त्यानंतर मावशीनं काय केलं ते आम्हाला मागाहून कळलं. ती गयाला नदीच्या वाळूत बसवून ठेवायची, तिच्या हातातलं तेलाचं भांडं घ्यायची आणि स्वतः गल्लीत जायची. एक एक दिवळी लावत टोकापर्यंत, मग परत. माळावरून बाया हात जोडायच्या. "बघ कशी लखलखून राह्यली गल्ली. सवाष्णीचा हात तो सवाष्णीचा हात."

हे उघडं पडलं ते लोणच्याच्या बरणीमुळं. शेजारची एक बाई बंदी मोडून चोरून बरणी आणायला घरी गेली होती. तिनं आपल्याच दिवळीसमोर मावशीला पाहिलं. ती बरणी काखेत घेऊन ओरडतच माळावर आली. ती स्वतः तिथं कशी गेली होती, हे तिला कोणीही विचारलं नाही. त्या आठवड्यात माळावर जितके गेले होते ते सगळे एका क्षणात मावशीच्या नावावर पडले. तिच्या झोपडीवर दगड आले. एक दगड बैलाला लागला. मावशी दारात उभी राहून म्हणाली, "मारा. पण नेम तरी बराबर धरा." त्यावर मात्र कोणी हसलं नाही.

शेठनी न्याय केला. मावशीनं झोपडी सोडायची नाही, दोन माणसं पहाऱ्यावर. गयासोबत सासूनं जायचं. सासू अलीकडच्या काठावरून बघायची, गया एकटी गल्लीत जायची. सगळीकडे दिवे लागलेले दिसले की सासू समाधानानं वळायची.

गयाला ताप आला तेव्हा तिनं दोन दिवस सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी काखेत गाठ दिसली. तिला वेगळ्या झोपडीत ठेवलं. तिथं मावशी गेली, तिला कोणी अडवलं नाही. जिथं मरण आहे तिथं रांडमुंड बाई चालते. गया गेली त्या संध्याकाळी बाया भेटायला आल्या, लांबच उभ्या राहिल्या. "कपाळावर कुंकू घेऊन गेली. भाग्याची." मावशी म्हणाली, "असलं भाग्य तुमच्या लेकींना मिळू द्या." तेवढंच. बाया तिच्या तोंडाला शिव्या देत परतल्या.

साथ ओसरली, आम्ही घरी आलो. मावशीनं घाणा पुन्हा सुरू केला. ती पहिल्यासारखीच तेल मोजायची, पण आता गिऱ्हाइकाकडे न बघता धारेकडे बघायची. माझ्या आईच्या भांड्यात वरचं थोडं तेल मात्र पडतच राहिलं. मी हैदराबादला शिकायला निघालो तेव्हा पाया पडलो. ती म्हणाली, "शीक. शिकून तहसीलदार होऊ नको म्हंजी झालं."

पुढची साथ मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा आली. तिची हकिगत आईवडिलांकडून ऐकलेली. पुन्हा मुनादी, पुन्हा माळ. तहसीलदार नवे, तंबूची जागा तीच. शेठ आता आणखी मोठे झाले होते, दरबारात त्यांना खुर्ची मिळायची. गाव सोडण्याआधी बैठक बसली: दिवे कोण लावणार? या वेळी एकाची सून गरोदर होती, एकाची माहेरी होती, एकीला बरं वाटत नव्हतं. बैठकीत फक्त पुरुषच आले होते. घरातल्या बायका त्यांनी दाराआड ठेवल्या होत्या.

मावशी घाण्याच्या ओट्यावरून बोलली, "मी गावातच राहते. लावते दिवे. माझा हात चालंल का?"

शेठ म्हणाले, "आता काळ बदलला, मावशी. हात तो हात." सगळे हो म्हणाले. गयाची सासूही शेजारच्या दाराआडून हो म्हणाली.

ठरलं असं की रोज एका घरानं नदीकाठच्या दगडावर तिच्यासाठी भाकरी ठेवायची. लोक गेले. पहिल्याच संध्याकाळी सगळे माळावरून बघत राहिले. गल्लीत एकही दिवा लागला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. दगडावरची भाकरी नाहीशी झाली होती, पण ती कुत्र्यांनीही नेली असेल. "मेली म्हातारी," लोक म्हणाले. तिच्या मढ्याच्या भीतीनं गल्लीत पाऊल टाकायला कोणी धजेना. पापड, लोणचं, गोधड्या, सगळं जिथल्या तिथं राहिलं. तिसऱ्या दिवशी आमच्या घरची पाळी होती. आईनं भाकरी फडक्यात बांधली. वडील म्हणाले, "मेलेल्याला कशाला?" आईनं फडकं सोडलं. पुढच्या घरांनी भाकरी बांधलीच नाही.

त्या साली आमच्या गल्लीतलं कोणीही प्लेगानं गेलं नाही.

मावशी काठावर येऊन हाक मारू शकली असती. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. ती जिवंत दिसली असती तर दिवे का नाहीत म्हणून लोक नदी उतरून आले असते. ती मेली असं वाटलं म्हणून कोणी आलं नाही. हे तिला कळत होतं असं मला वाटतं. पण गल्लीत हे मी कोणाजवळ बोललो तर ते म्हणतात, शिकून शिकून तुझं डोकं फिरलंय.

लोक गावात परतले त्या दिवशी मीही हैदराबादहून पोचलो होतो. गल्लीत शिरताच जो तो आधी आपली दिवळी बघत होता. पणत्या कोरड्या, वातींवर धूळ. "जबान दिल्ती म्हातारीनं. एक दिवस तरी लावायचा व्हता." शेठनी एका माणसाला तिच्या घरात पाठवलं. तो आत गेला आणि बाहेर येऊन सफाईवाल्याला बोलवायला धावला.

ती घाण्याला टेकून बसल्यासारखी पडली होती. वाळून एवढीशी झालेली. सफाईवाल्यानं काठीनं हात उचलून पाहिले, लुगडं सरकवून पाहिलं. गाठ कुठंच नव्हती. पिठाचं मडकं पालथं होतं. कोपऱ्यात तेलाचे डबे गळ्यापर्यंत भरलेले होते. नुसत्या तेलानं पोट भरत नाही.

तिला नेलं. शेठनी फेटा सारखा करत त्या डब्यांकडे बघितलं.

"वारस कोणी न्हाई. वाया जाईल. वाटून घ्या," ते म्हणाले.

कोणीतरी विचारलं, मयताच्या घरचं तेल चालतं का.

"गाठीनं थोडीच मेली," शेठ म्हणाले. "तेल बराबर हाय."

लोक घरी जाऊन भांडी घेऊन आले. गयाची सासू सगळ्यांत पुढं होती. आडावर कधी लागत नसे अशी सरळ रांग त्या दिवशी लागली. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत घाण्याचं घर सोडून एकही दिवळी अंधारात नव्हती.