ट्रेलरमध्ये राहिलेलं वाक्य

"ओठ जुळले पाहिजेत," राजाभाऊ फोनवर म्हणाले. "अर्थ तुला हवा तो लाव. ओठ जुळले की झालं."

राजाभाऊ आमच्या चित्रपटाचे निर्माते. ते पुण्यात होते, मी सोलापुरात माझ्या घरी. माझ्या फोटोला चपलांचा हार घातल्याचा व्हिडिओ माझेच नातेवाईक सकाळपासून मला पाठवत होते. चित्रपट लागायला थोडेच दिवस राहिले होते आणि ट्रेलरमधल्या एका वाक्यावरून गावात रान उठलं होतं. वाक्य होतं: "देव बाटत न्हाय. तुमी बाटताय."

सेन्सॉरचं प्रमाणपत्र हातात होतं. कायद्याला वाक्य चालत होतं. थिएटरवाल्यांना चालत नव्हतं. काचा फुटल्या तर भरून कोण देणार, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं.

माझ्या नावाआधी 'वादग्रस्त' हा शब्द डॉक्टरांच्या नावाआधी डॉ. लागतो तसा लागतो. याआधीचे माझे दोन चित्रपट कोर्टात जाऊन आले होते. त्यामुळे टीव्हीवाल्यांनी फार विचार केला नाही. वाक्य वादग्रस्त, लेखक वादग्रस्त, बातमी तयार. मी दोन चॅनेलवर बसून ते वाक्य जीव तोडून लढवलं. "हे वाक्य तुम्हाला कसं सुचलं?" असं निवेदिकेने विचारलं. मी म्हणालो, "आजूबाजूला बघितलं की सुचतं." उत्तर बरं होतं. पण वाक्य मला सुचलेलंच नव्हतं.

चित्रपट एका विधवा बाईच्या मुलीच्या लग्नाचा होता. आईचं काम महानंदाबाईंना दिलं होतं. महानंदाबाई दिवसा शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसायच्या आणि संध्याकाळी हौशी नाटकांत काम करायच्या. सोलापुरात नाटक करणारे सगळे त्यांना अक्का म्हणतात. मीही म्हणतो. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना पहिल्यांदा सिनेमात काम मिळालं होतं. भूमिका छोटी. सगळा जीव हळदीच्या एका सीनमध्ये.

शूटिंग सोलापूरजवळ वळसंगच्या एका घरात चाललं होतं. पटकथेत मी लिहिलं होतं: 'बायका तिला बाजूला व्हायला सांगतात. ती उठते आणि आत जाते.' संवाद एकही नाही. मला ते फार परिणामकारक वाटलं होतं. गप्प बसणारी पात्रं लिहिणं लेखकाला सोपं जातं.

टेक सुरू झाला. बायकांनी सांगितलं, "जरा बाजूला व्हा की." अक्का उठल्याच नाहीत. हळदीची वाटी हातात धरून तशाच बसल्या आणि समोर बघून शांतपणे ते वाक्य म्हणाल्या. आवाज चढला नाही. आमचा दिग्दर्शक केतन तरुण पोरगा, पण शहाणा. त्याने कट म्हटलं नाही. कॅमेरा चालू राहिला. अक्कांनी मुलीच्या गालाला हळद लावली आणि मगच त्या उठल्या.

पॅकअप झाल्यावर त्या माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसल्या.

"सर, चुकलं का माजं?"

"नाही अक्का. ते राहणार. पण आलं कुठून?"

त्यांनी पदराला हात पुसले. "माज्या पोरीच्या हळदीला मला उटवलं हुतं. गप उटले मी. चार वर्सं झाली, अजून डोक्यातनं जात न्हाय. आज हितं तोच मांडव, तीच वाटी. उटायला झालंच न्हाय मला."

मी म्हणालो, श्रेयनामावलीत त्यांचं नाव घालू, मुलाखतीत सांगू. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"न्हाय सर. तुमीच लिवलं म्हना. मला त्याच लोकांत ऱ्हायाचं हाय."

मी शब्द दिला. सिनेमात शब्द देणं रोजचंच. हा मात्र पाळायचा असं मी ठरवलं.

आता राजाभाऊंना त्या वाक्याच्या जागी दुसरं वाक्य हवं होतं. पुन्हा शूट करणं शक्य नव्हतं. घर मालकाने रंगवून घेतलं होतं, नट दुसऱ्या कामांना गेले होते. म्हणून डबिंग. म्हणजे पडद्यावरचं चित्र तेच ठेवायचं, आवाज फक्त नवा भरायचा. यात अडचण ओठांची असते. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. चेहरा जवळून दिसत असेल आणि ओठ मिटल्यावर कानावर दुसरंच अक्षर आलं, तर खेड्यातल्या आजीलाही खटकतं. कारण सांगता येत नाही, पण खटकतं. म्हणून नव्या वाक्यात ही अक्षरं जिथल्या तिथे पडावी लागतात.

मी ते वाक्य आरशासमोर म्हणत बसलो. बायकोने दोनदा डोकावून पाहिलं. शेवटी एक वाक्य सापडलं: "देव बोलत न्हाय. तुमी बोलताय." ओठ जुळत होते. अर्थही अगदीच मेला नव्हता. खरं सांगायचं तर मी खूश झालो. कारागिराला अवघड सांधा बसला की होतो तसा.

दुसऱ्या दिवशी राजाभाऊ आणि केतन पुण्याहून आले. हॉटेलच्या एका खोलीत, ज्या मंडळाने वाक्याविरुद्ध रान उठवलं होतं त्याच्या लोकांबरोबर बैठक झाली. मंडळ कोणत्या समाजाचं ते सांगत नाही. कोणत्याही समाजाचं असतं तरी हेच झालं असतं. त्यांचे प्रमुख आप्पा. सत्तरीचे, पांढराशुभ्र सदरा, बोलणं मऊ. दोन तरुण कार्यकर्ते टेबलावर हात आपटत होते, त्यांना आप्पांनी नुसत्या नजरेने गप्प केलं.

"लेखक तुमीच का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हे वाक्य तुमचंच?"

"माझंच."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "आमच्यात बायका असं बोलत न्हाईत."

मी नवं वाक्य वाचून दाखवलं. तरुणांपैकी एकाला तेही पटलं नाही. आप्पांनी हात वर केला. "चालंल हे. बाईनं नवं वाक्य म्हटलं, की आमचं काय म्हननं न्हाय. पन तिनंच म्हनलं पायजे. तिच्याच आवाजात."

ही अट मला विचित्र वाटली. राजाभाऊंना वाटली नाही. त्यांनी चहा मागवला आणि सगळ्यांचे हात हातात घेतले.

डबिंग सोलापुरातच करायचं ठरलं. भजनांची आणि दुकानांच्या जाहिरातींची रेकॉर्डिंग होतात असा एक छोटा स्टुडिओ होता, तो घेतला. अक्का कारखान्यातून अर्धी सुट्टी काढून आल्या. साडीवर निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. मी नवं वाक्य त्यांना फोनवर सांगितलं नव्हतं. समोरासमोर नीट समजावू असा विचार केला होता.

कानाला हेडफोन लावून त्या काचेपलीकडे उभ्या राहिल्या. डबिंगमध्ये तोच तुकडा पुन्हा पुन्हा दाखवतात, म्हणजे नटाला लय सापडते. अक्का पडद्यावर स्वतःला बघत होत्या. मशीनवाला म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी आला की म्हणा." तुकडा आला, गेला. पुन्हा आला, गेला. अक्कांनी तोंड उघडलं नाही. मग हेडफोन काढून ठेवला आणि बाहेर आल्या.

"मी न्हाय म्हननार हे."

राजाभाऊ हसत म्हणाले, "अहो, एवढंसं तर आहे. एक शब्द बदललाय."

"व्हय. तोच एक हुता की."

मी त्यांना बाहेर जिन्यात घेऊन गेलो. म्हणालो, "अक्का, हे म्हटलंत तर सीन राहील. तुमचा सगळा अभिनय राहील. नाही तर उडेल."

"बैटकीला आप्पा आलते न्हवं?"

"हो. तुम्ही ओळखता?"

"माजे व्याही हायत. हळदीला मला उटवलं ते त्येंनीच. बायकांच्या तोंडानं, पन त्येंनीच."

मग मला ती अट कळली. आप्पांनी ट्रेलर पाहिल्याबरोबर ओळखलं होतं, वाक्य कोणाचं आणि कोणाला उद्देशून ते. बैठकीत त्यांनी स्वतःच्या विहीणबाईचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. त्यांना चित्रपट बंद पाडायचा नव्हता. त्यांना फक्त हिच्या आवाजात दुसरं काहीतरी ऐकायचं होतं.

"मला सांगू द्या," मी म्हणालो. "केतनला सांगतो हे वाक्य तुमचं आहे. तो भांडेल. पेपरवाले उभे राहतील तुमच्यामागं."

"आन् पोरगी? तिला त्याच घरात भाकरी थापायची हाय. पेपरवाले दोन दिस येतील, सर. सासरा रोज हाय."

"मग काय करायचं?"

त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. साडीवरचे दोरे वेचू लागल्या.

"मी बदलून म्हनलं तर आप्पा म्हनतील, हिनं माफी मागितली. काडून टाकलं तर त्येंनाबी ठावं असंल, काय काडलं ते. काडून टाका. पन बदलू नका."

"दुसऱ्या कुणाचा आवाज घालतील ते. करारात तसं आहे."

"आप्पांना माजाच आवाज पायजे की. दुसरीचा त्येंना चालत न्हाय, मलाबी न्हाय." हे म्हणताना त्या किंचित हसल्या. व्याह्यांशी त्यांचं तेवढं एकच एकमत असावं.

आत जाऊन मी सांगितलं की बाई तयार नाहीत. कारण सांगता येत नव्हतं. राजाभाऊ चिडले. "हौशी नाटकातली बाई, पहिलाच सिनेमा, आणि एवढा ताठा?" केतनने माझ्याकडे पाहिलं. त्याला काहीतरी वेगळं आहे असा संशय आला असावा. "सर, तुम्ही सांगा ना त्यांना समजावून," तो म्हणाला. मी म्हणालो, "समजावलं." मग त्याने संकलकाला फोन लावला.

सीन कापला, ट्रेलरही उतरवला. संकलक हुशार होता. मांडव, सनई, मुलीचा चेहरा, आणि थेट वरात. कुठे काही गेलंय हे कोणाला कळलंही नाही. चित्रपटात अक्का दोन ठिकाणी उरल्या. एकदा पाठमोऱ्या, एकदा पाहुण्यांना पोहे देताना. दोन्हीकडे गप्प.

चित्रपट बऱ्यापैकी चालला. माझ्यावर या वेळी दुसऱ्या बाजूने टीका झाली. लेखक घाबरला, विकला गेला, असं लिहून आलं. मी उत्तर दिलं नाही. गंमत अशी की त्या गाजावाजामुळे मला पुढचं काम मिळालं, त्याच्या पुढचंही मिळालं. अजूनही सभांमध्ये कोणीतरी मला ते वाक्य म्हणून दाखवतं आणि म्हणतं, काय लिहून गेलात सर. मी मान हलवतो.

अक्का लेकीला घेऊन दुपारचा खेळ बघून आल्या. नंतर मी त्यांना कारखान्याच्या दाराशी भेटलो. कसा वाटला, हे विचारायला जीभ रेटत नव्हती. त्यांनीच सांगितलं.

"पोरगी म्हनली, आई, ट्रेलरच बरा हुता. तिच्या फोनात ठेवलाय तिनं. सासऱ्याला म्हाईत न्हाय."

मग कारखान्याची घंटा झाली आणि त्या आत गेल्या.

त्यानंतर मी दोन चित्रपटांत त्यांच्यासाठी भूमिका लिहिल्या. पहिल्या वेळी निर्मात्याला ओळखीचा चेहरा हवा होता. दुसऱ्या वेळी अक्कांनीच नको म्हटलं. गुडघे दुखतात, म्हणाल्या. नाटकात मात्र अजून करतात. नाटकात कोणी मागाहून कापत नाही.

गेल्या वर्षी आप्पा वारले. अक्कांची लेक आणि जावई हैदराबादला राहायला गेले. मी आठवणी लिहायला घेतल्याचं अक्कांना कळलं, तेव्हा त्यांचा फोन आला. "आता लिवा, सर. माजंच हुतं म्हनून लिवा." मी विचारलं, नाव बदलू का? त्या म्हणाल्या, "आडनाव तेवडं घालू नका. बाकी ऱ्हाऊ द्या." तसं केलं आहे. मूळ सीनचं रीळ मी केतनकडे मागितलं होतं. आता रीळ नसतं, हार्डडिस्क असते. राजाभाऊंचं ऑफिस बदललं तेव्हा ती कुठे गेली ते कोणालाच माहीत नाही. त्या दुपारी वळसंगात जे झालं ते आता ट्रेलरपुरतंच उरलं आहे, तेही कोणाच्या फोनात असलं तर.

नवी मुलं पटकथा कशी लिहायची ते विचारायला येतात. मोठमोठ्या गोष्टी मला सांगता येत नाहीत. एक सांगतो. ज्या माणसावर तुमचा जीव आहे, त्याला एकच सीन देऊ नका. तीन द्या, आणि ते कथेत असे गुंतवा की एक ओढला तर सगळं उसवेल. एकुलता एक सीन कितीही चांगला असो, तो कापायला संकलकाला अर्धा चहासुद्धा लागत नाही.