आप्पांचं प्रस्थान

"एकदा बोललो म्हंजी बोललो!" असं म्हणून आप्पा दुधाच्या कॅनवर थाप मारत. आमच्या दूध सोसायटीत ते संचालक आणि मी सेक्रेटरी. एखाद्या ठरावाला विरोध केला आणि मागाहून तो पटला, तरी त्यांचा हात वर जात नसे. तुमच्याही गावात असा एखादा असेलच.

लेकीनं मुंबईत परस्पर कोर्टात लग्न केलं, तेव्हाही ते चारचौघांत बोलून बसले, "आता इमान धाडलं तरच तिच्या दारात पाय ठेवीन." विमान तर सोडाच, आमच्या तेर गावाच्या बाजूला तेव्हा एसटीही वेळेवर येत नसे. विषय मिटला, असं आम्ही धरून चाललो.

पण दुष्काळाच्या साली एका नव्या कंपनीचं छोटं विमान सोलापूरहून मुंबईला जाऊ लागलं आणि लेकीनं खरोखरच तिकीट धाडलं. आप्पांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. वरवर मात्र, "काय करता शेक्रेटरी, बोलून बसलोय. जावं लागंल."

गावात विमानाचा जाणकार म्हणजे मी. मान वर करून विमान पाहिलं होतं, एवढंच माझं शिक्षण. तरी "कानात कापूस घाला, खिडकीतून थुंकू नका," असे सल्ले मी दिले.

चांगला मुहूर्त विमानाच्या तारखेआधीच होता, म्हणून आप्पांनी माझ्या घरी प्रस्थान ठेवलं. उपरण्यात तांदूळ, सुपारी आणि लेकीसाठी शेंगदाण्याची चटणी. असं गाठोडं दुसऱ्याच्या घरी ठेवलं की माणूस निघाला असं धरतात, ते माघारी नेत नाहीत.

दुसऱ्याच दिवशी पेपरात बातमी आली. कंपनी अडचणीत, इंधनाची उधारी थकलेली. आप्पा पेपर घेऊनच आले.

"बुडती का वो कंपनी?"

"छे! विमान कंपन्या अशा बुडत नसतात," मी ठणकावलं. चाऱ्यावाचून म्हशी आटलेल्या, आमची सोसायटी गळ्यापर्यंत बुडालेली, आणि तिचा सेक्रेटरी विमान कंपनीची हमी देत होता! त्याच आठवड्यात कंपनीच्या सोलापूरच्या कचेरीला कुलूप लागलं.

आप्पा माझ्या ओसरीवर येऊन बसले. गाठोडं घरी नेता येईना आणि विमानाशिवाय पाय उचलता येईना. चटणीला लागलेल्या मुंग्या ते एकेक करून झटकत होते. मला बोलायला तोंड नव्हतं, तरी मी बोललोच, "होईल सुरू, आप्पा."

"तुमी गप बसा वो." मग गाठोड्याची गाठ आवळत, "पोर वाट बघत आसंल. म्या बोलल्यालंच धरून मरू का?"

गाठोडं काखेत मारून ते एसटीच्या थांब्याकडं चालू लागले. बरोबर जायचं सुचलंसुद्धा नाही, मी नुसता बघत उभा राहिलो.

पुढं काही वर्षांनी आप्पा गेले, तेव्हा लेक गावी आली होती. म्हणाली, "काका, कंपनी बंद पडल्याचं मला आधीच कळलं होतं. आणि एका सकाळी दार उघडलं, तर धुळीनं माखलेले आप्पा उभे. मी मुद्दामच विचारलं, विमानात भीती नाही ना वाटली?"

"मग?"

"म्हणाले, 'इमानाची कसली भीती? तू दार उघडतीस का न्हाय, त्येची वाटली.'"