ज्यांनी आपल्या एकटीसाठी नाव मागितले नाही

फुलाताई उईके यांना मी प्रथम पाहिले ते आमच्या शाळेच्या व्हरांड्यात. नागपूरच्या त्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते आणि ताई चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून नुकत्याच रुजू झाल्या होत्या. जमिनीवर बसून त्या मुलींना गेरू कालवायला शिकवत होत्या. मुख्याध्यापिकांनी खुर्ची पाठवली, तर म्हणाल्या, "खुर्चीवरून कागद दूर दिसते जी."

ताई सावनेरकडच्या गोंड कुटुंबातल्या. आईबरोबर घराच्या भिंती रंगवता रंगवता हात तयार झाला, पुढे त्यांनी चित्रकलेची पदविका घेतली. त्यांच्या चित्रांत मोर-हरणांबरोबर कोळशाचे ट्रक असत, सीताबर्डीवर बांगड्या भरणाऱ्या बाया असत. एका पाहुण्यांनी विचारले, "यात आदिवासी काय आहे?" ताई हसून म्हणाल्या, "काढणारी आहे ना!"

एक प्रसंग मात्र मला लिहिलाच पाहिजे. शहरातल्या एका प्रदर्शनासाठी ताईंनी वर्षभर खपून पाच चित्रे केली. संयोजकांनी ती चित्रदालनाऐवजी हस्तकलेच्या मांडवात, टोपल्यांशेजारी टांगली. खाली चिठ्ठी होती, 'आदिवासी नक्षीकाम'. नाव नाही. ती चिठ्ठी माझ्या हातची. अक्षर बरे म्हणून संयोजकांनी मला चिठ्ठ्या लिहायला बसवले होते आणि सांगितले ते मी निमूट लिहिले होते.

ताईंनी विचारल्यावर संयोजक वरमले. "चला, तुमची चित्रे आत लावू. नावही घालू."

ताईंनी शेजारच्या टोपलीवर हात ठेवला. "हे कोण्या बाईनं इणली? तिचंही नाव लिहा. मंग मायं लिहा."

ते जमणार नाही म्हटल्यावर त्यांनी पाचही चित्रे उतरवली आणि रिक्षातून घरी नेली. त्या संस्थेचे बोलावणे पुन्हा कधी आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. माफी मागताना रडूच कोसळले. "अक्षर चांगलं आहे वं तुयं," ताई म्हणाल्या. "जेवून जा आता."

पुढच्याच वर्षी त्यांनी शाळेच्या सभागृहात स्वतः प्रदर्शन भरवले. टोपल्या विणणाऱ्या बायांना गावोगाव हिंडून बोलावले आणि एकूण एक नाव माझ्याकडून लिहून घेतले. तिथे आलेल्या रसिकांमुळेच ताईंची चित्रे पुढे मुंबई-दिल्लीपर्यंत गेली.

आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत. गेल्या महिन्यात त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. भेटायला गेले, तर खिडकीबाहेर टक लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, "निळा रंग असा असते, मले मालूमच नव्हतं. सगळे चित्र नव्यानं काढा लागतीन."

ती सगळी काढून होतील एवढे आयुष्य त्यांना लाभो आणि हात असाच स्थिर राहो.