एकाच वाळूवर दोन आकडे

काळ्या वाळूच्या या किनाऱ्यावर तिपाईवर डोझिमीटर ठेवायचा, आकडा स्थिरावू द्यायचा आणि वहीत लिहायचा, हे माझं काम. आसपास किरणोत्सर्ग किती आहे ते हे यंत्र मोजतं. इथल्या वाळूत तो मुळातच थोडा असतो. नववीत शाळा सोडलेल्या माझ्या हाती या मोजणीच्या प्रमुख मॅडमनी एवढं नाजूक यंत्र दिलं, याचं मला अजून नवल वाटतं.

आज तिपाईपाशी वाकलो आणि माझ्या खिशातला छोटा डोझिमीटर एकाएकी ओरडू लागला. आकडा दसपट चढला होता. तिपाईवरचा मात्र जागचा हलला नव्हता. खरं कोणाचं? पुढच्या आठवड्यात लेकीचं बारसं आहे. तिला पहिल्यांदाच उचलून घ्यायचंय.

मॅडम धावत आल्या. "मोबाईल कुठंय?"

"त्याच खिशात, सायलेंटवर. घरून फोन येणार होता."

बघितलं तर बायकोचा मिस्ड कॉल.

"अरे बाबा, फोन आला की शेजारचं यंत्र बिथरतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?"

त्यांनी फोन लांब ठेवला, दोन्ही डोझिमीटर शेजारी-शेजारी ठेवले आणि दहा मिनिटं थांबायला लावलं. किरणोत्सर्गासारखं घरही मला इथून दिसत नाही; त्याची खबरही खिशातलं एक यंत्रच देतं, आणि ते थरथरलं की मी आधी वाईटच धरून चालतो.

आकडे जुळले.

"जा, आता फोन कर. पण लांब जाऊन."

लांब गेलो. बायको म्हणाली, "आवाज असा का येतोय तुमचा?"

"वाळूतून चाललोय ना," म्हणालो, "तिला जरा फोनजवळ धर."