ॲपलनंतर काय?

पोरगी एकटीच हसते कशाला, या प्रश्नानं विजयलक्ष्मीला नवरात्र संपल्यापासून पछाडलं होतं.

हरिणी व्हिएतनामहून परत आली तेव्हा ती हसतही नव्हती आणि बोलतही नव्हती. जेवायची, झोपायची, छताकडे बघत पडून राहायची. काळजी तेव्हाही होती, पण निदान तिला नाव होतं: पोरगी दमली आहे. आता मात्र भेंडी चिरता चिरता ती मध्येच खुदकन हसे. सकाळी दहीभाताचा डबा घेऊन बाहेर पडे आणि उन्हं उतरल्यावर धुळीनं माखून घरी येई. नखांत काळं, केसांना डिझेलचा वास. कुठं गेली होतीस म्हटलं की उत्तर एकच, "शिकतेय काहीतरी."

"तिशी उलटलेली बाई काय शिकते हो?" विजयलक्ष्मी नवऱ्याला विचारी.

"शिकू दे की," गिरिधरराव पेपर तोंडासमोर धरून म्हणत. आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात त्यांची सगळी नोकरी गेलेली. लावलेलं रोप तग धरेपर्यंत त्याला हात लावू नये, हे त्यांचं मत पोरांनाही लागू होतं.

विजयलक्ष्मीच्या डोळ्यांपुढे मात्र जुनी मोटारसायकल दुरुस्त करणारा कुणी तरुण उभा राही, आणि तिची झोप उडे.

हे घराणं तंजावरच्या दरबारातलं. पूर्वज मोडी कागद लिहीत. राजे गेले, दरबार गेला. कुंभकोणम्‌च्या या गल्लीत घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ एवढं उरलं. पुण्याचा पाहुणा आला की त्यांचं बोलणं ऐकून गालात हसे, तुमची भाषा फार जुनी हो, म्हणे. पण या जुन्या भाषेचा एक मोठा फायदा होता. चारचौघांत गुपित बोलायला ती फार सोयीची. तिरुभुवनम्‌च्या साडीच्या दुकानात दुकानदाराच्या नाकासमोर बसून त्याच्या साडीला नावं ठेवता येत. डॉक्टरसमोर डॉक्टरची अक्कल काढता येई. तीन पिढ्या हे बिनधोक चाललं होतं.

हरिणीनं या दोन भाषांवर इंग्रजी चढवली. कावेरीकाठच्या कॉलेजात एम.ए. केलं, गावात थोडं शिकवलं आणि एक दिवस व्हिएतनाममधल्या हायफाँग नावाच्या बंदराच्या शहरात शिक्षिका म्हणून गेली. विजयलक्ष्मीनं गल्लीभर मैसूरपाक वाटला. समुद्राचे फोटो आले, नूडल्सचे आले, हरिणीच्या गळ्यात पडलेल्या चिमुरड्या मुलांचे आले.

तिथली मुलं दिवसभराची शाळा करून संध्याकाळी अर्धवट झोपेत इंग्रजीच्या क्लासला येत. हरिणीच्या एका हातात कापडी मगर, दुसऱ्या हातात चित्राचं कार्ड. ॲपल म्हणायचं, टाळी वाजवायची, उडी मारायची, पुन्हा ॲपल म्हणायचं. जाहिरातीच्या फोटोत मात्र गोरा शिक्षक उभा राही, आणि त्याला तास कसा घ्यायचा हे आदल्या दिवशी हरिणीच समजावून देई. आधी ती याचे किस्से करून सांगायची. पुढे किस्से बंद झाले. मग एकदा ती वर्गासमोर कार्ड धरून उभी राहिली आणि तोंडातून शब्दच फुटेना. मुलं वाट बघत राहिली. शेवटी पुढच्या बाकावरची मुलगी हळूच "ॲपल" म्हणाली, टीचर विसरली असेल म्हणून. महिनाअखेर हरिणीनं सामान बांधलं.

तिच्यासारख्या दमलेल्या मास्तरांचा फोनवर एक ग्रुप होता. नाव होतं, 'ॲपलनंतर काय?' आयर्लंडचा एकजण पाव भाजायला शिकत होता. दक्षिण आफ्रिकेची एकजण सॉफ्टवेअर तपासण्याच्या परीक्षेला बसली होती. मनिलाची एकजण रोज रात्री लिहायची की परत वर्गातच जाते, आणि रोज सकाळी ते पुसून टाकायची. हरिणीनंही चेन्नईला एका कंपनीत मुलाखत दिली. मुलांसाठी ऑनलाइन धडे लिहायचे होते. नमुन्याचा धडा फळांवर लिहा म्हणाले. ती पर्स उचलून थेट स्टेशनवर आली.

तेव्हा विजयलक्ष्मीनं ठरवलं, आता आपणच बघायला हवं.

नवरात्रात ती शरण्या मॅडमकडे बाहुल्यांचा गोलू बघायला गेली. शरण्या मॅडम म्हणजे गावातल्या एका मोठ्या खाजगी शाळेच्या चालक. गोलू बघायला आलेल्या बाईला विड्याची पानं, सुपारी, हळदकुंकू देऊन पाठवतात. मॅडमनी त्या ताटात रेशमी साडीही ठेवली. "पोंगल झालं की हरिणीला आमच्याकडे पाठवा. इंग्रजी विभाग तिच्या ताब्यात," त्या म्हणाल्या. विजयलक्ष्मीनं ताट दोन्ही हातांनी घेतलं. या मुलखात असं तांबूल घेतलं की शब्द दिला, मग कागद लागत नाही. हरिणीला सांगायचं तेवढं राहिलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता कार्तिक उजाडला.

कार्तिकात तिरुविसनल्लूरच्या मठात उत्सव असतो. विजयलक्ष्मी आणि तिची नणंद सुब्बलक्ष्मी दुपारच्या भजनाला निघाल्या. मिनीबस ठासून भरलेली. दोघी कशाबशा शेवटच्या बाकावर शिरल्या. पुढे नुसती डोकी, पिशव्या आणि गजरे. सिनेमाची गाणी इतकी मोठ्यानं की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागे. कंडक्टर साईराम, पन्नाशीचा, कानावर पेन लावलेला, गर्दीतून पोहल्यासारखा फिरत होता.

"काय गं वैनी, तोंड का असं?" सुब्बलक्ष्मीनं विचारलं.

झालं, धरणाचं दार उघडलं. विजयलक्ष्मी मराठीत सुरू झाली. हरिणीचं हसणं, काळी नखं, तो मोटारसायकलवाला. तिरुभुवनम् आलं. रेल्वेच्या फाटकाशी बस थांबली, इंजिन बंद झालं आणि गाणीही एकदम थांबली. विजयलक्ष्मीचा आवाज मात्र गाण्यांच्या वरच राहिला.

"तांबूल घेऊन बसलेय मी वन्सं! तिला ठाव नाही अजून. आता ती शाळेत गेली नाही तर मी तोंड कुठं दाखवू?"

सगळ्या बसनं वळून पाहिलं. विजयलक्ष्मी थोडी वरमली, पण घाबरली नाही. कुणाला कळतंय इथं!

"कोणत्या शाळेत, आई?"

आवाज पुढून आला. शुद्ध घरातल्या मराठीत. मधली डोकी बाजूला झाली आणि विजयलक्ष्मीला दिसलं: चुडीदारावर चढवलेला खाकी शर्ट, कॉलरमध्ये खोचलेली वेणी, आणि स्टिअरिंगवरून वळलेला आपल्याच पोटच्या पोरीचा चेहरा.

"तू… तू तिथं काय करतेस?"

"बस चालवतेय. तू शब्द कुणाला दिलास?"

"आधी खाली उतर!"

"मी उतरले तर या सगळ्यांना नेणार कोण? तू?"

"एन्न आच्चु, काय झालं?" पुढची फुलवाली तमिळमध्ये विचारू लागली. सुब्बलक्ष्मीनं पदर सावरला आणि सगळ्या बसला तमिळमध्ये सांगून टाकलं, "ही आई, ती लेक. आईनं लेकीला न विचारता तिची नोकरी ठरवली. लेकीनं आईला न सांगता बस धरली."

"वन्सं! सगळं काय सांगता?"

"अगं, विचारतायत बिचारे."

"नोकरी सरकारी का?" एका म्हाताऱ्यानं खोलात शिरत विचारलं.

"नाही, खाजगी शाळा."

"मग बसच बरी," तो म्हणाला, आणि हशा पिकला.

फाटक उघडलं. साईरामनं शिट्टी मारली. "अम्मा, भांडण चालत्या गाडीत करा. टाइम जातो माझा. रैट, रैट!"

लोकांनी विजयलक्ष्मीला हातोहात पुढे सरकवलं आणि ड्रायव्हरमागच्या बाकावर बसवलं. फुलवालीनं आपली टोपली मांडीवर घेऊन जागा केली. सगळ्यांना ऐकायचं होतं, भाषा न कळताही.

"राजांच्या दरबारात लेखणी चालवली तुझ्या खापरपणज्यानं," विजयलक्ष्मी दातओठ खाऊन म्हणाली.

"मी बस चालवते. त्याला रस्त्यावर खड्डे लागत नव्हते."

"आणि अप्पांना ठाव आहे हे?"

"तेच तर मला ड्रायव्हिंग स्कूलला सोडून आले."

विजयलक्ष्मीला पेपरमागचा तो चेहरा आठवला. घरी गेल्यावर त्याच्याकडे बघायचं होतंच.

हरिणी बोलत होती, नजर रस्त्यावर. बस जयकुमारची, शाळेत तिच्या वर्गात होता तो. त्याचे ड्रायव्हर एकामागून एक दुबईला जातात. मोठ्या गाड्यांचं हेवी लायसन्स हातात आल्यावर हीच त्याच्याकडे गेली. तो हसला, मग त्यानं आठवडाभर शेजारी बसून पाहिलं आणि हसायचं थांबला. सध्या ती बदली ड्रायव्हर होती; पोंगलपासून हा रूट कायमचा तिला द्यायला तो तयार होता. एकच अट होती.

"काय अट?"

"तुझा होकार. तुला फार घाबरतो तो. आपल्या परसातले पेरू चोरताना पकडलं होतंस त्याला."

"कान उपटले होते मेल्याचे," विजयलक्ष्मी नकळत म्हणाली. मग सावरून, "पण एवढं शिकलीस हरिणी… शरण्या मॅडमच्या शाळेत मान असतो गं. मुलं असतात, तुला आवडतात ती."

हरिणीनं गिअर बदलला. "आवडतात. म्हणूनच जमत नाही. तीस तोंडं माझ्याकडे बघत असायची, आणि माझ्याकडे द्यायला काही उरलेलं नसायचं. मी हसायचे, आई. हसायचे पैसेच मिळायचे तिथं. घरी गेले की गाल दुखायचे." तिनं एका सायकलवाल्याला हॉर्न दिला. "इथं कुणी माझ्याकडे बघत नाही. सगळे खिडकीतून बाहेर बघतात. मला केवढं बरं वाटतं ठाव आहे? परवा या वळणावर गाडी अशी सुरेख वळली की मी रात्री भाजी चिरताना हसत बसले."

विजयलक्ष्मी काही बोलणार तोच बस कावेरीच्या अरुंद पुलावर आली. समोरून पेंढ्याचा डोंगर चढवलेला ट्रॅक्टर आला आणि अर्ध्यावर येऊन हॉर्न मारत उभा राहिला. मागे फिरायला तो तयार नव्हता. दोन्ही बाजूंनी मोटारसायकली घुसू लागल्या.

"पाणी आहे गं खाली!" विजयलक्ष्मीनं कठडा समजून फुलवालीचा दंड धरला.

"साईराम अण्णा!" हरिणीची हाक पुलाच्या पार गेली असेल. साईराम उडी मारून मागे गेला. शिट्टीचे छोटे छोटे तुकडे ऐकू येऊ लागले. हरिणीनं खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर झुकून मागे पाहिलं आणि बस मागे जाऊ लागली. एक हात स्टिअरिंगवर, मान वळलेली, ओठ घट्ट मिटलेले. कठड्यापासून वीतभर. मोटारसायकलवाल्यांवर तिनं तमिळमध्ये अशी काही तोफ डागली की ते मुकाट कडेला झाले.

"डावीकडे घे! अजून डावीकडे! बस, बस… हां!" हे कोण ओरडतंय म्हणून विजयलक्ष्मीनं पाहिलं तर ती स्वतःच बाकावर गुडघा टेकून ओरडत होती. व्हिएतनामहून आलेली ती पोर, जिच्या तोंडाशी कान नेल्याशिवाय तिचं बोलणं ऐकू येत नसे, ती हीच?

बस पुलाच्या तोंडाशी अलगद बाजूला लागली. ट्रॅक्टर पेंढा खिडक्यांना घासत निघून गेला. बसभर पेंढ्याच्या काड्या उडाल्या. म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

"बघितलंत?" विजयलक्ष्मी तमिळमध्ये सगळ्यांना म्हणाली. "माझी मुलगी!"

"आम्हाला कधीपासून ठाऊक आहे अम्मा," फुलवाली दंड चोळत म्हणाली.

तिरुविसनल्लूरला बस रिकामी झाली. मठातून टाळांचा आवाज येत होता. परतीचे लोक चढू लागले होते, हरिणीला उतरायला वेळ नव्हता. ती खिडकीतूनच म्हणाली, "मी शाळेत जाणार नाही, आई. जयकुमारनं नाही म्हटलं तरी नाही. मॅडमना मी सांगू का?"

"तू कशाला? शब्द मी दिलाय."

सुब्बलक्ष्मीनं तिला चिंचेच्या सावलीत ओढलं. "वैनी, उगाच सरळ सांगू नकोस. परदेशी परत चालली म्हण. साडी राहील, नातं राहील."

"साडी मी उद्या तांबुलासकट नेऊन देणार. आणि खोटं सांगून निभेल कसं वन्सं? मॅडमचे अर्धे शिक्षक याच बसनं येतात."

"रागावतील गं त्या. गावात बोलतील."

शरण्या मॅडमच्या घरच्या लग्नाची अक्षत, शाळेच्या कार्यक्रमातली पहिली रांग, सगळं विजयलक्ष्मीच्या डोळ्यांपुढून गेलं. काळजी काही तिला सोडून जाणार नव्हती. ब्रेक, पाऊस, दारूडे प्रवासी, पोरीचं लग्न, यादी तयारच होती. पण अंगात अजून त्या पुलाची थरथर होती आणि ती थरथर तिला हवीहवीशी वाटत होती. आता घरी जाऊन विचार करत बसलं तर ही जाईल, हे तिला नीट ठाऊक होतं.

"तुम्ही व्हा पुढे भजनाला," ती म्हणाली. "मी आलेच."

तिनं पर्समधून फोन काढला, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शरण्या मॅडमचा नंबर शोधू लागली. माझी मुलगी बस चालवते, हे तमिळमध्ये कसं म्हणायचं ते तिनं एकदा पुटपुटून पाहिलं, आणि नंबरावर बोट टेकवलं.